वेळापत्रक खडतर, पण नेमके कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनमध्ये इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचे वेळापत्रक जाहीर झाले की कॉलेज रोडच्या टपऱ्यांवर आर्सेनलवाले, लिव्हरपूलवाले आणि मँचेस्टर युनायटेडवाले एकाच सुरात रडतात: यंदा आमच्याच वाट्याला सगळे दांडगे आले. आपल्या क्रीडा पानावरही त्या सुमारास ‘खडतर’ हा शब्द हमखास दिसतो. पण या लीगमध्ये तसे होणेच शक्य नाही. 20 संघ, प्रत्येकाशी एक सामना घरी आणि एक बाहेर, एकूण 38. मेअखेर सगळ्यांनी तीच प्रश्नपत्रिका सोडवलेली असते, फक्त प्रश्नांचा क्रम वेगळा. कोणी स्वतःशी खेळत नाही, म्हणून विजेत्याची यादी केसभर सोपी आणि तळाच्या संघाची केसभर अवघड, इतकाच काय तो फरक.

हा घोळ बहुधा आयपीएलमुळे होतो. तिथे 10 संघ असून प्रत्येकाला 14 सामने, म्हणजे पाच संघांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच गाठ पडते. दोनदा कोण वाट्याला आले यावर तिथे भांडायला जागा आहे. प्रीमियर लीगमध्ये भांडायचेच असेल तर क्रमावर आणि विश्रांतीवर भांडावे.

क्रम तपासायचा तर 38 सामन्यांचे पाच-सहाचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटात वरच्या संघांशी बाहेरचे सामने किती, ते मोजावे. नुसते घर-बाहेर मोजण्यात फारसे हाती लागत नाही. कोणत्याही पाच सामन्यांत तीन-दोन अशी वाटणी राहावी, असा आयोजकांचाच प्रयत्न असतो. लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे एकाच शहरातले संघ एकाच दिवशी घरी खेळू नयेत, असली बंधनेही त्यांना पाळावी लागतात. त्यामुळे ‘मुद्दाम आमच्यावर डाव धरला’ या तक्रारीत दम नाही.

विश्रांतीचा हिशेब मात्र खरा महत्त्वाचा, आणि तोच कोणी करत नाही. युरोपीय क्लब स्पर्धेतला सामना बुधवारी रात्री आठला सुरू झाला आणि लीगचा शनिवारी दुपारी तीनला असला, तर दोन्हींच्या सुरुवातींत 67 तासच राहतात. त्यात परदेशातून परतीचा प्रवास. समोरचा संघ आधीच्या शनिवारनंतर खेळलेलाच नसेल तर तो सात दिवस ताजातवाना. म्हणून नुसते आपले दिवस मोजू नयेत, दोन्ही संघांच्या दिवसांतली तफावत लिहावी. तळाच्या संघाविरुद्ध गुण का सांडले, याचे उत्तर पुष्कळदा त्या आकड्यात सापडते. हे गणित जूनमध्ये मांडून उपयोग नाही. प्रक्षेपणासाठी तारखा सरकतात आणि चषक स्पर्धांत पुढे गेलेल्या संघाचे सामने साचून वसंतात एकदम अंगावर येतात. दर महिन्याला नव्याने मांडावे.

दुसरी चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या गुणतक्त्यावरून प्रतिस्पर्धी जोखणे. 2014-15 मध्ये चेल्सी 87 गुणांनी विजेता, तर लेस्टर 41 गुणांसह चौदावा. पुढच्या हंगामात लेस्टर 81 गुणांनी विजेता आणि चेल्सी 50 गुणांसह दहावा! त्या जूनमध्ये ज्यांनी लेस्टरपुढे ‘सोपा’ अशी खूण केली, त्यांची वही फुकट गेली. जुना तक्ता पहिल्या आठ-दहा फेऱ्यांपुरता ठीक, नंतर चालू हंगामाचे प्रतिसामना गुण धरावेत, तेही घरचे-बाहेरचे वेगळे. वर चढून आलेल्या तीन संघांना खालच्या लीगमधले गुण चिकटवू नयेत. तिथे 46 सामने असतात आणि प्रतिस्पर्धीही वेगळे.

घरच्या मैदानाचे वजनही कायमचे नाही. प्रेक्षकांविना बहुतांश पार पडलेल्या 2020-21 च्या हंगामात पाहुण्या संघांनी 153 सामने जिंकले, यजमानांनी 144.

नावांवरून रडायला हक्काची जागा हवी असेल तर ती युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आहे. 2024-25 पासून तिथे 36 संघ, पण प्रत्येकाला फक्त आठ सामने, सोडतीसाठी पाडलेल्या चार गटांतून दोन-दोन प्रतिस्पर्धी. गट ठरतात क्लबच्या युरोपातल्या गेल्या काही वर्षांच्या कामगिरीवर, त्यामुळे चौथ्या गटातला संघ दुबळाच असेल असे नाही. पहिल्याच वर्षी चौथ्या गटातला ॲस्टन व्हिला आठवा आला आणि थेट शेवटच्या सोळांत गेला. ज्यांना चिठ्ठीत तो निघाला त्यांनी नशिबाला बोल लावला तर समजू शकते.

आपल्याकडे मागणे दोनच. वेळापत्रक छापताना प्रत्येक सामन्यापुढे दोन्ही संघांचे विश्रांतीचे दिवस द्यावेत. दोन आकड्यांना जागा ती किती लागणार? आणि भारतीय वेळ तपासून छापावी. इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी 7.30 ला दिसतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत 8.30 ला. चॅम्पियन्स लीगचा मंगळवारी रात्रीचा सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटून बुधवार लागल्यावर 12.30 ला, हिवाळ्यात 1.30 ला सुरू होतो. तो मंगळवारच्या रकान्यात छापला तर निम्मे वाचक एक रात्र आधीच जागत बसतात.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक