वागळेची नोकरी आणि दुर्गाबाई

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तुझ्या लाडक्या जुन्या नटी दुर्गा खोटे तरी कुठे एका कंपनीला चिकटून राहिल्या?" आणि मी फोन ठेवून दिला. तू नोकरी सोडलीस याचा राग होताच, पण माझंच शस्त्र माझ्यावर चालवलंस याचा जास्त होता. फोनवर मला धड बोलता येत नाही, मध्येच गळा दाटतो, म्हणून लिहिते आहे.

तुझं म्हणणं खरं आहे. त्या काळी नट-नट्या म्हणजे कंपनीचे पगारी नोकर. महिन्याचा पगार, आणि करार आहे तोवर दुसऱ्याच्या सेटवर पाऊल टाकायचं नाही. दुर्गाबाई प्रभात फिल्म कंपनीच्या नायिका म्हणून गाजल्या, तरी कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्सचं काम केलं, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचं केलं, इकडे प्रकाश पिक्चर्सचंही केलं. तुम्ही आता ज्याला फ्रीलान्स म्हणता, ते करणाऱ्या आपल्याकडच्या अगदी पहिल्या काहीजणींत त्या येतात. आणि मधल्या काळात प्रभातशी बिनसलं असंही नाही. १९३६ साली 'अमरज्योती'त सौदामिनी त्याच होत्या. पोटच्या मुलावर आईला हक्क नाही असा न्याय मिळाल्यावर समुद्रावर चाचेगिरी करणारी बाई! तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. निघताना दार आपटलं नाही की परत येता येतं, असा मी त्याचा अर्थ लावते. तू तुझ्या साहेबांना लिहिलेला राजीनामा मला वाचून दाखवलास, त्यातला दुसरा परिच्छेद मला आवडला नाही, एवढंच सांगते.

पण तू गोष्ट मधूनच उचललीस. सुरुवात सोडून दिलीस.

मुंबईतलं सुखवस्तू माहेर, आडनाव लाड, सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, खोट्यांसारखं श्रीमंत सासर. मग ती श्रीमंती ओसरली, ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात दोन मुलगे. सिनेमात येण्यामागे हौस नव्हती, चार पैसे मिळवायचे होते. १९३१ चा 'फरेबी जाल' बराचसा मूकपटच, बोलका भाग थोडा, आणि त्यात यांचं काम छोटंसं. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावला म्हणून टीका मात्र मोठी झाली. माझी आजी म्हणजे तुझी पणजी, 'खोट्यांची सून' एवढंच म्हणायची, नाव घ्यायची नाही. आणि आवाज असा खाली आणायची की आम्हा पोरांना वाटायचं, या बाईंनी कुणाचा तरी खून केलाय.

दुसऱ्या वर्षी शांतारामबापूंनी त्यांना 'अयोध्येचा राजा'त तारामती केलं. मराठीतला पहिला बोलपट. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्याला यायची होती. हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे! हार्मोनियमवर ज्यांची बोटं चालायला लागली की मैफल थांबायची, त्या माणसासमोर उभं राहायचं. आणि पार्श्वगायन नव्हतं गं तेव्हा. कॅमेरा चालू, माइक चालू, वादक चौकटीबाहेर दडून बसलेले, आणि नटीने तिथेच अभिनय करत स्वतः गायचं. तू एक वाक्य दहा टेकमधून जोडतेस ना, तशी सोय नाही. चित्रपट मराठी आणि हिंदी दोन्हीत झाला, म्हणजे सगळं दोनदा. लोकांनी तारामती अशी काही डोक्यावर घेतली की 'खोट्यांची सून' म्हणणाऱ्यांचे आवाज आपोआप बसले. कलकत्त्याला जाण्याआधी हे झालेलं होतं. तुझीही सहा वर्षं त्या एडिटिंग रूममध्ये गेलीत, ती मी मोजते आहे. परवा मोजली नव्हती.

पुढे त्या आईच्या भूमिकांत गेल्या आणि लोकांच्या लक्षात तेवढ्याच राहिल्या. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बॉबी'तली आजी, 'बिदाई'ला फिल्मफेअर. खरं सांगू, मला त्या सोशिक आया फारशा आवडत नाहीत. मला हुरहुर आहे ती शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट' नाटकातल्या त्यांच्या लेडी मॅकबेथची. ते नाटक मला कुठून बघायला मिळणार?

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पडद्यावरचं काम कमी झालं तशा त्या माहितीपटांत, जाहिरातपटांत शिरल्या, स्वतःची निर्मितीसंस्था चालवली. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागायची ती त्यांच्याच संस्थेची. त्या तेव्हा त्र्याऐंशीच्या. आमचं नुकतंच लग्न झालेलं, घरात छोटा काळापांढरा टीव्ही. वागळे म्हणजे पहिल्या तारखेची वाट बघणारा, साहेबाला घाबरणारा नोकरदार. तुझे बाबा हसून हसून म्हणायचे, "हा तर मीच!" मला हसू यायचं नाही. मीही तीच होते. आणि पगाराच्या चौकटीतून पन्नासेक वर्षांपूर्वीच बाहेर पडलेल्या या बाईंनी आम्हा वागळ्यांची मालिका काढावी, तीही जराही न हिणवता, हे मला आत्ता, या दोन दिवसांत सुचलं.

मृण्मयी, मी बँकेत अकरा वर्षं कर्जविभागात होते. पगाराची स्लिप नाही म्हटलं की अर्ज खालच्या ट्रेमध्ये. नियमच तसा होता. त्यात एक छायाचित्रकार होता, तीन वेळा आला. दर वेळी अल्बम घेऊन यायचा, मला कामं दाखवायचा, मी म्हणायचे "छान आहेत" आणि अर्ज तिथेच. परवा तू "सोडली नोकरी" म्हणालीस तेव्हा मला तू नाही दिसलीस, तो अल्बम दिसला.

तेव्हा त्या खालच्या ट्रेमधल्या बाईचं ऐक. आयकराचं रिटर्न दर वर्षी वेळेत भर, एकही वर्ष चुकवू नकोस, उद्या घरासाठी कर्ज मागशील तेव्हा तेच विचारतील. काम घेण्याआधी सगळं लेखी, निम्मे पैसे आगाऊ. 'आपलीच माणसं' म्हणतील त्यांच्याकडून तर नक्की. कंपनीचा आरोग्यविमा बंद होईल, त्याआधी स्वतःचा काढ. आणि सहा महिन्यांचं घरभाडं वेगळ्या खात्यात. कमी पडलं तर मला सांग, बाबांना नको, ते लगेच एफडी मोडायला निघतील.

पहिलं काम कसलं मिळालंय ते तू सांगत होतीस आणि मी ऐकूनच घेतलं नाही. आता सांग. लिहून पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
आई