वांगावर चिठ्ठीविना ट्यूब नको

तासगाव भागात द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या गालांवर वांग (काळपट-तपकिरी डाग) दिसतो. माझ्या जावेने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब चार महिने लावली. आधी चेहरा उजळला, मग लालभडक झाला. उन्हात आग व्हायची, हनुवटीवर लव आली. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते! २०१८ पासून अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी सर्रास मिळतात. वांग ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी वाढतो. लिंबू चोळून तो जात नाही, उलट कातडी भाजते. बायांनो, पदर कपाळावर ओढा, सनस्क्रीन (एसपीएफ ३० तरी) दर दोन-तीन तासांनी लावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अन्न व औषध प्रशासनाने गावोगावची मेडिकल दुकाने तपासावीत.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)