सांता पोलातलं बेसन

सांता पोला,
शुक्रवार, रात्रीचे साडेबारा

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू जो तोफखाना सोडलास त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. इथं स्पेनमधल्या एल्चे गावात कारखान्यात उभा होतो, शिलाई मशीनच्या आवाजात तुझ्या शिव्या तेवढ्या नीट ऐकू आल्या. एवढं समजलं की पोरगा खानावळीत पास्ता-पिझ्झा ठेवायचा म्हणतोय आणि तू त्याला ‘मग आधी आबांचा फोटो उतरव भिंतीवरचा’ असं सुनावलंस. आज मी स्वतःच इटालियन जेवून आलोय, तेव्हा आता सविस्तर लिहितो. आधी शेवटपर्यंत वाच, मग बोंब मार.

मशीनचं काम जवळजवळ उरकलं. हे एल्चे म्हणजे सगळा चपला-बुटांचा गाव. पूर्वी दोरीच्या तळव्याच्या चपला वळायचे, त्यातूनच धंदा वाढला. माझी कोल्हापुरी बघून इथल्या कारागिरानं ती उलटी केली, शिवण नखानं चाचपली आणि पाच मिनिटं काही बोललाच नाही. आपल्याला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको. तोच आज म्हणाला, समुद्रावर जेवायला जाऊ. अर्ध्या तासावर सांता पोला, मासेमारीचं गाव. गावाबाहेर मिठागरं, त्यात रोहित पक्षी एका पायावर उभे. मी खूश. दोन आठवडे कॅन्टीनमध्ये काढले होते, म्हटलं आज ताजा मासा. आणि हा पठ्ठ्या मला घेऊन गेला कुठं, तर इटालियन हॉटेलात!

दिल्या, मालवणात जाऊन कुणी पनीर बटर मसाला खायला घातला तर जसं वाटेल तसं वाटलं. त्यात आम्ही पोचलो आठ वाजता आणि स्वयंपाकघर उघडणार नऊला. इथं दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊ-दहाला. तासभर बंदरावर फिरलो. बोटी परत आल्या होत्या, जाळी पसरलेली, वास थेट आपल्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा. समोर समुद्रात एक सपाट बेट दिसत होतं, थाळीत भाकरी ठेवावी तसं. त्याचं नाव ताबार्का. त्याची गोष्ट पुढं येतेच.

हॉटेल म्हणजे आठ टेबलं. चालवणारा साठीतला, इटलीतल्या जिनोव्हाकडचा माणूस. मेनू बघून मी नुसती मान डोलावली, पुढचं सगळं माझ्या कारागिरानंच ठरवलं. आधी आला पाव आणि आलिओली, म्हणजे लसूण-तेल घोटून केलेलं पांढरं लोणी म्हण. ही पद्धत इकडची, इटलीची नव्हे, पण गावकऱ्यांना त्याशिवाय जेवायला बसल्यासारखं वाटत नाही म्हणून ठेवतो म्हणाला. तुझ्याकडं कांदा-लिंबू मागतात तसंच.

मग एक पिवळा, कडेला करपलेला, पातळ तुकडा आला. वर मिरीपूड. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. दुसरा घेतला. अरे मर्दा, बेसन! शपथेवर सांगतो, हरभऱ्याच्या पिठाचं धिरडंच, फक्त तव्यावर न घालता भट्टीत भाजलेलं. वरून कुरकुरीत, आत मऊ लुसलुशीत, पिठलं वडीच्या बेतात आलेलं असतं ना, तसं. त्याला ते फारिनाता म्हणतात. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, चारच जिनसा. ना हळद, ना ओवा, ना मिरची. मला वाटलं फिकं लागेल, पण पिठाचा स्वतःचा गोडवा असा उघडा कधी चाखलाच नव्हता. आपण बेसनाला नेहमी झाकतोच काही ना काही घालून. मी अजून एक मागवला, तेव्हा मालक बाहेर येऊन माझ्याकडं बघून गेला.

नंतर पेस्तो. हिरवी चटणी रे, सरळ हिरवी चटणी. आपला सब्जा ज्या झाडाचा, त्याच जातीच्या झाडाची कोवळी पानं, लसूण, चिलगोजे, मीठ, दोन प्रकारचं किसलेलं जुनं चीज आणि तेल. करायची संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं. ही चटणी गॅसवर कधी चढवत नाहीत. पास्ता उकडलेलं पाणीच थोडं घालून सैल करायची. त्याच पाण्यात बटाटा आणि फरसबीही शिजवून मिसळतात. पास्ता कसला, तर हातावर वळलेला, अंडं न घातलेला. रुखवतात नखुल्या, मालत्या ठेवतात ना, त्यांची मावसबहीणच. आपल्या आया-आत्या लग्नघरी हेच वळत बसायच्या आणि आपण पोरं तो ढीग उधळून मार खायचो.

शेजारच्या टेबलावर एका पोरानं कार्बोनारा, म्हणजे पास्ताचाच एक प्रकार, मागितली आणि क्रीम घाल म्हणाला. इथं बरेचजण क्रीम घालूनच खातात. मालकानं ऐकून घेतलं आणि अंडं, चीज, डुकराच्या गालाची खारवलेली चरबी घालूनच दिली, क्रीमचं नाव नाही. पोरगं मुकाट्यानं खाऊन गेलं. मला तुझे आबा आठवले. तांबड्या रश्श्यात पाणी घाला म्हणणाऱ्याला ते असंच ‘बरं’ म्हणायचे आणि होता तसाच रस्सा वाढायचे.

गर्दी ओसरल्यावर मालक येऊन बसला. तो स्पॅनिशमध्ये बोलायचा, माझा कारागीर मोडक्या इंग्रजीत सांगायचा. सोळाव्या शतकात जिनोव्हाकडची माणसं पोवळी काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशियातल्या ताबार्का नावाच्या बेटावर जाऊन राहिली. दोनेकशे वर्षं राहिली. काही जण १७३८ मध्ये सार्डिनियाजवळच्या दुसऱ्या बेटावर गेले. मागं राहिलेल्यांवर १७४१ मध्ये ट्युनिसच्या बेनं, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यानं, झडप घातली, गुलाम केलं. पुढं ते अल्जिअर्सच्या हाती गेले. शेवटी स्पेनचा राजा तिसरा कार्लोस, जो आधी पंचवीस वर्षं नेपल्सचा राजा होता, त्यानं खंडणी मोजून त्यांना सोडवलं आणि १७६९-७० च्या सुमाराला समोरच्या त्या सपाट बेटावर तटबंदी बांधून वसवलं. तीनशेच्या आसपास जीव. बेटाला नाव दिलं नवं ताबार्का.

सार्डिनियाकडं गेलेले आजही घरात जिनोव्हाची जुनी बोली बोलतात, आपल्या तंजावरच्या मराठी लोकांसारखं. हा मालक इथं आला तेव्हा मोठ्या हौसेनं बोटीत बसून ताबार्काला गेला. आडनावं सगळी ओळखीची, पारोदी, रुसो, चाकोपिनो. यानं आपल्या बोलीत रामराम घातला. समोरच्यानं स्पॅनिशमध्ये ‘काय म्हणालात?’ विचारलं. बोली तिथं केव्हाच मेली होती. मग त्या लोकांनी याला बसवलं आणि कालदेरो खायला घातला, आधी मासा आलिओलीबरोबर, मग त्याच रश्श्यात शिजवलेला भात. हे सांगताना हसत होता, पण दोनदा सांगितलं.

जेवणावर मी दुधाची कॉफी मागितली तर दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मटणावर बासुंदी मागितली. काळी प्यालो. बिल कारागिरानं भरलं, मला पाकिटाला हात लावू दिला नाही.

आता तुझं. क्रीम ओतलेला पांढरा पास्ता ठेवलास तर मी स्वतः येऊन आबांचा फोटो उतरवून घरी नेईन. पण पोराला एकदम उडवून लावू नकोस, इटालियन म्हणजे तेवढंच नाही हे त्याला तरी कुणी सांगितलंय? ही फारिनाता करून बघा. मालकानं माप दिलंय: पीठ एक भाग, पाणी वजनानं तीन भाग. गुठळ्या मोडून चार-पाच तास ठेवायचं, वर येणारा फेस काढून टाकायचा, मग मीठ, सढळ तेल, आणि करंगळीहून पातळ थर भट्टीत. त्यांचं पीठ छोल्यांच्या जातीच्या चण्याचं असतं, आपलं डाळीचं, म्हणून चव थोडी हलेल. मी दोन किलो तिकडचंच आणतोय, तुलना करू. भट्टीसाठी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला पटव, पाव निघाल्यावर तासभर देईल.

आणि एक. हे भाजतात तांब्याच्या, आतून कल्हई केलेल्या मोठ्या थाळ्यात. मी तो थाळा बघितला, हातात घेऊन बघितला. आबा लग्नाच्या जेवणावळींना काढायचे ती परात माळ्यावर आहे ना अजून? खाली काढ आणि कल्हईवाला शोधून ठेव. मी पंधरवड्यात पोचतो.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या