बोटीवरील काळे ओघळ काढण्याच्या द्रावणाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : द्रावणामुळे बोटीच्या गेलकोटचे (फायबरच्या बोटीवरील बाहेरच्या चकचकीत थराचे) झालेले नुकसान आणि डब्यावरील अपुऱ्या सूचना

महोदय,

बोटीच्या बाहेरच्या बाजूवर पडणारे काळे ओघळ काढण्यासाठी आपल्या कंपनीचे द्रावण मी या हंगामाच्या सुरुवातीस विकत घेतले. ते फवारून दोन मिनिटांनी पुसावे आणि ते सर्व पृष्ठभागांना सुरक्षित आहे, एवढेच डब्यावर छापलेले आहे. मी त्याप्रमाणेच केले. ओघळ पहिल्याच पुसण्यात गेले, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. परंतु तीन आठवड्यांत ते त्याच जागी पुन्हा उमटले आणि पूर्वी साबणाच्या पाण्याने फिके होणारे डाग आता घासूनही हलत नाहीत.

बोट नियमित न धुतल्यामुळे असे झाले, असे आपल्या प्रतिनिधींनी मला लेखी कळवले. हे मला मान्य नाही, कारण मी दर आठवड्याला बोट धुतो. डेकवर साचलेली धूळ, काजळी आणि रबरी पट्ट्यांची काळी झीज दवाच्या पाण्याबरोबर कडेवरून उतरते. दवाचे पाणी मळ वाहून आणण्याइतके असते, पण तो धुऊन नेण्याइतके नसते. त्यामुळे ते बाजूवरच वाळते आणि दररोज त्याच वाटेने नवा थर चढतो. हा मळ गेलकोटमध्ये मुरू नये म्हणून त्यावर वॅक्सचा थर असावा लागतो, आणि आपले द्रावण नेमका तोच थर मळाबरोबर काढून टाकते. पुसलेल्या पट्ट्यावर पाणी शिंपडले तर त्याचे थेंब होत नाहीत, ते पसरते. त्यावरून हाताचे बोट फिरवले तर त्याला पांढरी भुकटी लागते. शेजारच्या न पुसलेल्या भागावर यांपैकी काहीही होत नाही.

खात्री करून घेण्यासाठी मी डेकवरचे पाणी बाहेर सोडणाऱ्या दोन भोकांखालचा भाग आपल्याच द्रावणाने पुन्हा साफ केला आणि त्यांपैकी एकाच भागाला वॅक्स लावले. महिन्याभराने वॅक्स लावलेल्या भागावरचा ओघळ मऊ स्पंज आणि साबणाच्या पाण्याने निघाला. दुसऱ्या भोकाखाली मात्र वर बोटभर रुंद आणि पाण्याच्या रेषेपर्यंत दोऱ्यासारखा निमुळता होत गेलेला डाग आजही तसाच आहे. दोन्ही भागांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. द्रावणानंतर वॅक्स लावणे आवश्यक आहे, हे एक वाक्य डब्यावर असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

दुसरी बाब वापरण्याच्या पद्धतीची आहे. डब्यावरील चित्रात कोरड्या बाजूवर वरून फवारा मारलेला दाखवला आहे. तसे केल्यास द्रावण मळक्या पृष्ठभागावरून धारेने खाली येते आणि धारेच्या वाटेवर फिकट रेघा राहतात, ज्या माझ्या बोटीवर आजही दिसतात. अशा वेळी बाजू आधी ओली करून खालून वर पुसत जावे लागते, हे मला बोट दुरुस्त करणाऱ्या कारागिराने सांगितले. ते आपल्याकडून समजायला हवे होते. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर द्रावण उडाले तेथेही चमक गेली आहे. त्यामुळे सर्व पृष्ठभागांना सुरक्षित हा दावा मला दिशाभूल करणारा वाटतो.

ओघळ पुन्हा पडू नयेत म्हणून मी त्या भोकांखाली पाणी बाजूला न लागता थेट खाली टपकेल अशा छोट्या पन्हळी स्वखर्चाने बसवल्या आहेत. त्याचा खर्च मी मागत नाही. द्रावणाची पूर्ण किंमत आणि निस्तेज झालेला भाग पॉलिश करून पुन्हा वॅक्स लावण्याचा खर्च मात्र आपण द्यावा. तसेच वॅक्स निघून जाण्याचा इशारा, ओल्या बाजूवर खालून वर वापरण्याची पद्धत आणि ॲल्युमिनियमपासून दूर ठेवण्याची सूचना डब्यावर ठळकपणे छापावी. खरेदीची पावती व कारागिराच्या खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत : छायाचित्रे, खरेदीची पावती, खर्चाचा अंदाज