नर्सी दोन आहेत, पूर्ण नाव लिहा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. पेपरात बातमी येते तेव्हा बऱ्याचदा नुसतं 'नर्सी' छापलेलं असतं, आपल्याला कळतं कोणती ते, पण बाहेरून आलेल्या माणसाचे त्यात काय हाल होतात ते मी डोळ्यानं बघितलंय म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात नांदेडहून देगलूरला बहिणीकडं चाललो होतो. गाडीत समोरच्या सीटवर एक सरदारजी आजोबा अन् आजी, नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं दर्शन करून निघालेले, दोघंही सत्तरीच्या पुढचे. नर्सी आली तसे उतरले. मी पण चहाला उतरलो तर हे दोघं चौकात दिसेल त्याला विचारायलेत, बाबा नामदेवजींचा गुरुद्वारा कुठंय, अन् लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायलेत. कारण ही नर्सी नायगाव तालुक्यातली! नामदेव महाराजांची नर्सी हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठावर, नांदेडपासून पार दुसऱ्या बाजूला. नांदेडात कुणीतरी 'नर्सी ना, ती गाडी लागलीय' म्हणून बसवून दिलं होतं त्यांना.

घुमानजवळच्या खेड्यातून आले होते. घुमान म्हणजे पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव, महाराज तिथं कित्येक वर्षं राहिले, २०१५ चं आपलं ८८ वं साहित्य संमेलन पण तिथंच झालं. गुरू ग्रंथसाहिबात महाराजांची ६१ पदं आहेत. देवळातून हाकललं म्हणून महाराज मागं जाऊन बसले अन् देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ते पद आजीनं चौकात उभ्या उभ्या म्हणून दाखवलं. आपल्या औंढा नागनाथच्या देवळात नंदी मागच्या बाजूला का, तर देऊळ फिरलं म्हणून, हे आपण लहानपणापासून ऐकतो, तीच गोष्ट इतक्या लांबच्या बाईच्या तोंडून ऐकली अन् अंगावर काटा आला हो माझ्या.

दिवस कलला होता अन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पंजाबला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसचं रिझर्वेशन. म्हणजे जाणं शक्यच नव्हतं. आजोबा काहीच बोलले नाहीत, आजीनं पिशवीतून घरी शिवलेला रुमाला काढला, ग्रंथसाहिबवर घालायचा, अन् माझ्या हातात दिला. पुढच्या रविवारी मी नर्सी नामदेवला जाऊन गुरुद्वाऱ्यात पोचवला, मग महाराजांच्या देवळात दर्शन घेतलं. एकाच संतासाठी वारकरी पण येतात अन् शीख पण येतात असं हे आपल्या मराठवाड्यातलं गाव, अन् तिथं जायला निघालेली म्हातारी माणसं नुसत्या अर्ध्या नावापायी दर्शनाशिवाय परत गेली, हे मला अजून सहन होत नाही.

तर विनंती एवढीच की तुम्ही तरी दर बातमीत 'नर्सी नामदेव, जि. हिंगोली' असं पूर्ण छापा. अन् नांदेडच्या रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर मराठी अन् गुरुमुखीत एक बोर्ड लागावा, कोणत्या गाडीत बसायचं, हिंगोलीला कुठं उतरायचं एवढं लिहिलेला, त्यासाठी तुमच्या पेपरानं मागं लागावं.

आपला,
एक वाचक, हिंगोली