पुराच्या कॅम्पमधल्या बायका पाणी का पीत नव्हत्या

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे आत्ताच लिहितेय, पूर आल्यावर कुणाला वाचायला वेळ नसतो.

२०२५ च्या सप्टेंबरात ऐन नवरात्रात सीना नदीला पूर आला ते सगळ्यांच्या लक्षात असेल, माढा-मोहोळकडची नदीकाठची गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला. आपला जिल्हा टँकरचा, पुराची सवय कुणालाच नाही. आमच्या बचत गटाच्या बायकांनी कडक भाकरी अन् शेंगाचटणी बांधली आणि एका झेडपी शाळेतल्या कॅम्पला घेऊन गेलो. खायला तिथं भरपूर होतं, खरंच सांगते, खिचडीची पातेली उरत होती, सोलापूरकरांनी हात आखडला नाही.

पण एक म्हातारी आजी बीपीची गोळी नुसत्या घोटभर पाण्यात गिळताना दिसली. मी तांब्या पुढं केला तर म्हणाली, "नको बाई, पाणी पिलं की रातीचं उठावं लागतंय, अन् तिकडं लई अंधार हाय." मग कळलं की बहुतेक बायका दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. पोरांच्या शाळेचे दोन संडास, एकाला आतून कडीच नाही, लाइट नाही, बाहेर गुडघाभर चिखल आणि सगळ्यांत मिळून एकच बादली. त्या बादलीवरून रोज भांडणं. एक पोरगी तर पाळी आल्यापासून ओल्या परकरावरच बसून होती, पॅडचे पुडे कुणीतरी दिलेले, पण बदलायचं कुठं अन् टाकायचं कुठं हे कुणी बघितलंच नाही. आणि व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजत पडलेला, त्यात टिकल्यांच्या साड्या, जीन्स, सगळं होतं, एक धड सुती परकर सापडेल तर शपथ.

मी एका कार्यालयात फोन केला, तिकडून उत्तर आलं की जेवणाची सोय झालीय ना मॅडम. खूप वाईट वाटलं.

आणि ही माझी एकटीची तक्रार नाही, जगभर मदतकार्याचे जे स्फिअर नावाचे निकष मानतात त्यात स्पष्ट आहे, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, बायकांचे वेगळे आणि पुरुषांपेक्षा जास्त, आतून कडी लागणारे, उजेड असलेले. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे निकष नव्हते, तिथली माणसं पुढं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, बायकांनी कसं निभावलं असेल देवाला माहीत. आता निकष आहेत तर निदान प्रत्येक तालुक्यात कुठल्या शाळेचा कॅम्प होणार ते मे महिन्यातच ठरवा, तिथले संडास, कड्या, बल्ब बघून घ्या, आणि कॅम्पवर एक तरी बाई जबाबदार म्हणून नेमा, आशाताई असो की अंगणवाडी सेविका, कारण हे असलं पुरुष साहेबांना कोण सांगणार? फक्त त्या ताईला त्याचे वेगळे पैसे द्या, आधीच त्यांच्यावर कामं काय कमी आहेत.

आपल्याला जमत नाही असंही नाही. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी आपलेच लोक रस्त्याकडेला पाणी, चहा, पायाला मलम, सगळं न मागता ठेवतात.

शेवटी तुम्हाला एक विनंती. पूर आला की तुम्ही पेपरात मदतीचं आवाहन छापता, त्यात धान्य आणि कपडे असतातच, यंदा त्यात बादली, मग, टॉर्च, सुती परकर, निकर, कपडे वाळवायची दोरी आणि दाराची कडी एवढं लिहा. कडी-कोयंडा हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतो, आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतः बसवला, अर्धा तास पण लागला नाही.

- बचत गटातली एक वाचक, सोलापूर