विषय: वेल म्हणून विकलेल्या, डोळा नसलेल्या होयाच्या पानाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

सांगली, 12 नोव्हेंबर 2025

महोदय,

10 फेब्रुवारी 2024 रोजी मी तुमच्या संकेतस्थळावरून 449 रुपयांना होया केरी मागवली. नाव दिलं होतं 'हृदयाच्या पानांची फुलणारी वेल'. फोटोत जाळीवर चढलेली वेल आणि फुलांचे घोस दिसत होते. घरी आलं ते छोट्या कुंडीत उभं खोवलेलं एकच पान. सोबतच्या कार्डावर 'काही महिन्यांत वेल धरेल' असं छापलं होतं, म्हणून मी थांबले.

एकवीस महिने थांबले. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. कोकोपीट, झाडाची साल आणि कोळशाचे तुकडे घालून माती मोकळी केली. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन सोसणार नाही म्हणून हिरव्या नेटखाली हलवली. पान आजही टणक आणि हिरवंगार आहे, पण ना कोंब, ना दुसरं पान. तुमच्या ग्राहक सेवेला चार वेळा विचारलं. दर वेळी एकच उत्तर: खत द्या, पाणी वाढवा, मोठ्या कुंडीत लावा.

गेल्या रविवारी सासरे घरी होते, त्यांच्यासमोर कुंडी उपडी केली. मुळं भरपूर, पांढरीशुभ्र. सासऱ्यांनी देठावरची माती अंगठ्यानं पुसली, पान उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याला डोळा कुठाय?" त्यांची हयात उसाच्या लागणीत गेली आहे. डोळा मेलेली कांडी त्यांनी कधी सरीत टाकली नाही. होयाचंही तसंच आहे. पानाचा देठ खोडाला मिळतो त्या पेरावर डोळा असतो, नवी वेल तिथूनच फुटते. नुसतं देठासकट पान लावलं तर ते मुळं धरतं, जाड पानातल्या पाण्यावर वर्षानुवर्षं तगतं, पण त्याची वेल होत नाही. माझ्या पानाच्या देठाला खोडाचा कणही नाही. ही गोष्ट रोपं तयार करणाऱ्याला माहीत नसेल, हे मला पटत नाही. आणि पाणी वाढवायचा सल्ला तर घातकच होता. रानात झाडांच्या अंगाखांद्यावर वाढणारी ही वेल, तिची मुळं ओलीगच्च राहिली की कुजतात.

त्याच कार्डावर आणखी एक चूक आहे. 'फुलं गळाल्यावर दांडे छाटा' असं लिहिलंय. माझ्याकडे आईनं दिलेली होया कार्नोसा आहे. तिच्या त्याच जुन्या दांड्यांवर पुन्हा फुलं येतात. मेणातून कोरल्यासारख्या गुलाबी चांदण्या, मधोमध लाल ठिपका, आणि रात्री घरभर वास. मधाचे थेंब खिडकीच्या फरशीवर पडून चिकट होतात, तेही मी आनंदानं पुसते. तुमचं कार्ड वाचून कुणी नवशिक्यानं दांडे कापले तर त्याला तिथं पुन्हा फूल दिसणार नाही, आणि दोष तो स्वतःच्या हाताला देईल. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

माझ्या मागण्या अशा: 449 रुपये परत करावेत. एका पानाच्या कुंडीला 'वेल' म्हणणं आणि वेलीचा फोटो लावणं बंद करावं, 'या पानाची वेल होणार नाही' असं ठळक लिहावं. कार्डावरची छाटणीची सूचना काढावी.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्यासाठीची दोन वर्षांची मुदत फेब्रुवारीत संपते, म्हणून उत्तर लांबवू नये.

पावती, कार्ड, जाहिरातीचा आणि उपड्या कुंडीतल्या देठाचा फोटो सोबत जोडला आहे. पान मात्र परत पाठवणार नाही. ते जिवंत आहे, पुन्हा कुंडीत लावलंय, खिडकीतच राहील.

आपली ग्राहक,
विश्रामबाग, सांगली